बॅरक नंबर, कॅम्प नंबर

उल्हासनगरात दुकानाच्या पाटीवर रस्त्याचे नाव असेलच असे नाही. बॅरकचा नंबर आणि कॅम्पचा नंबर मात्र हमखास सापडतो. हे आकडे लष्कराचे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेली छावणी युद्ध संपल्यावर ओस पडली, आणि फाळणीनंतर तिथे सिंधमधून आलेली माणसे राहायला आली. पुढे १९७२ साली पिनकोड आले, तेव्हा उल्हासनगरला ४२१००१ ते ४२१००५ हे क्रमांक मिळाले. त्यांतला शेवटचा आकडा पाहावा, तो कॅम्पचाच आहे. या शहराचा सर्वांत टिकाऊ दस्तऐवज म्हणजे त्याचा पत्ता, असे मी मानतो.

६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल झाली आणि तोवर थांबून राहिलेली असंख्य हिंदू कुटुंबे निघाली. त्यांतली अनेक कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून याच छावणीत, म्हणजे कल्याण कॅम्पात, पोहोचली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नामकरण झाले, ते उल्हास नदीवरून. १९५१च्या जनगणनेत इथली वस्ती ८० हजारांच्या वर भरली.

माणसे मोजली गेली, पण त्यांच्या एकाकीपणाचा रकाना जनगणनेत नसतो. तो दुसऱ्या कागदांत, त्यांनी काय विचारले आणि काय विचारले नाही यावरून, शोधावा लागतो. १९५०च्या क्लेम्स कायद्याखाली निर्वासितांनी मागे राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे लावले: कुठले घर, किती जमीन, काय किंमत. ज्यांच्या नावावर घर नव्हते, त्या भाडेकरूला, मुनिमाला, मास्तरला या कागदावर लिहिण्यासारखे काहीच नव्हते. त्यांचेही गाव सुटले होते. लांबलचक बॅरकमध्ये गोणपाटाचे पडदे टांगून संसार वेगळे केल्याचे पहिल्या पिढीने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पडद्यापलीकडचे खोकणे ऐकू यावे आणि आपल्या मोहल्ल्यातले कोणी जवळ नसावे, हा एकाकीपणा गर्दीतला होता.

स्मृतीचे पुरावे सरकारी दप्तराबाहेर आहेत. उल्हासनगर-५ मधल्या चालिया मंदिरातली अखंड ज्योत सिंधमधून आणलेली, असे तिथली परंपरा सांगते. दाव्याच्या अर्जात अशा ज्योतीची किंमत लावता आली नसती.

बेघरांच्या आशेची एक गोष्ट याच काळात मुंबईच्या पडद्यावर आली. २४ जानेवारी १९५२ रोजी तिथे भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. त्यात इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकांचा 'मिरॅकल इन मिलान' होता. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेवर झोपड्या बांधून राहणारी माणसे, जमिनीत तेल लागताच त्यांना हुसकावणारा मालक, आणि शेवटी झाडूंवर बसून आकाशात निघून जाणारे ते गरीब. दे सिकांना आशेसाठी चमत्कार लागला, कारण त्या माणसांच्या हाती जमिनीचा कागद नव्हता.

कल्याण कॅम्पातली आशा कागदावरच चालली. १९५४च्या भरपाई कायद्यानंतर ताब्यातली जागा नावावर होण्याची वाट खुली झाली. दावा मंजूर झालेल्याला रक्कम त्यात वळती करता येई. दावा नसलेल्याला पैसे भरावे लागत. मालकीची सनद हाती आली की निर्वासित घरमालक होई. बॅरकी पाडून इमारती उठल्या, तरी त्या जागांच्या व्यवहारात आजही मूळ सनद मागतात, आणि तिच्यावर बॅरकचा नंबर असतो.