तिश्री : परक्या नावाचा महिना

बीरगांवात पोळ्याच्या दिवशी आम्हां मराठी मंडळींचा श्रावण संपतो. शेजारचे छत्तीसगढी गृहस्थ मात्र त्याच अमावास्येस भाद्रपदाची म्हणतात. कारण त्यांचा महिना पौर्णिमेस पुरा होतो, आमचा अमावास्येस. "मग खरा महिना कोणता?" असे मुले विचारतात. या प्रश्नावर आम्हांस ज्यू लोकांच्या तिश्रीची आठवण होते.

तिश्री बहुधा भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो. हा शब्द मूळचा हिब्रू नव्हे. बाबिलोनी भाषेत 'तश्रीतु' म्हणजे आरंभ. त्यापूर्वी ज्यू लोक या महिन्यास 'एथानीम' म्हणत. सदा वाहणारे ओढे, असा त्याचा अर्थ लावतात. इ. स. पूर्व ५८६ मध्ये जेरुसलेम पडले आणि पुष्कळ ज्यू बंदिवान होऊन बाबिलोनास गेले. परतताना त्यांनी तिकडची नावे बरोबर आणली. महिन्यांची नावे बाबिलोनाहून आली, हे जेरुसलेमच्या तालमुदातच नमूद आहे. वसंतातील निसानपासून मोजल्यास तिश्री सातवा. तरी नववर्षदिन तिश्रीच्या पहिल्या तिथीसच. नाव परक्यांचे, पण त्याच महिन्यात त्यांचे पवित्रतम दिवस येतात.

याच्या उलट प्रकार आपल्या कोकणात घडला. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांची हिब्रू विद्या लोपली, परंतु सण राहिले, तेही मराठी नावांनी. तिश्रीच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण, चौथ्या दिवशी नव्या धान्याच्या खिरीचा सण, दहाव्या दिवशी दारे लावून उपवास करावयाचा दारफळणीचा सण. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीन आदी ठिकाणच्या शिक्षकांकडून हिब्रू नावे त्यांस पुन्हा मिळाली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी हे सर्व टिपून ठेवले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

बाबिलोनात नाव बदलले, कोकणात ते विसरले गेले. दिवस पाळणे मात्र दोन्हीकडे चालूच राहिले. म्हणून मुलांस आम्ही सांगतो की, घरी श्रावण म्हणा, शेजारी भाद्रपद म्हटलेत तरी चालेल. पण मातीच्या बैलांची पूजा चुकवू नका.