दिलमुनची मोहोर ते वेबसाइटचे कुलूप

२०२३ च्या दिवाळीला तीनेक आठवडे राहिले होते. शुक्रवारची सुट्टी, दुपारची वेळ, आणि झल्लाकहून ओळखीच्या एका वहिनींचा फोन आला. "भावजी, आमच्याकडून आकाशकंदील घेतलेल्या एका बाईंच्या कार्डावर भलत्याच देशात कुणीतरी खरेदी केलीय. त्या म्हणतात, नंबर तुमच्याच दुकानातून गेला. असं होऊ शकतं का हो?"

दुकान म्हणजे वेबसाइट. पणत्या, कंदील, रांगोळीचे साचे, चकलीचे सोरे असा माल, आणि त्याची खोकी घराच्या मागच्या खोलीत रचलेली. गिऱ्हाईक बहुतेक आपल्याच मंडळींतले. असे होऊ शकते हे मला चांगलेच ठाऊक होते, कारण माझा धंदाच तो. पण फोनवर "बघतो" एवढेच म्हणालो आणि गाडी काढली.

मनामाहून झल्लाकला जाताना हमद टाउनच्या बाजूला मातीचे लहान लहान उंचवटे दिसतात. आपण सारे त्यांच्यावरून शंभरदा गेलो असू. ती दिलमुन काळातील थडगी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. २०१९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. त्या काळी हे बेट म्हणजे मेसोपोटेमिया, ओमानचा तांब्याचा मुलूख आणि आपले सिंधूचे खोरे यांच्यामधली बाजारपेठ होते. कलात अल-बहरीन येथे डॅनिश संशोधकांना उत्खननात सिंधू संस्कृतीच्या मापाची दगडी वजने सापडली. म्हणजे इथल्या व्यापाऱ्याच्या तराजूत आपल्याकडचे वजन होते! सार येथील वस्तीत दगडी गोल मोहरा आणि त्यांचे ठसे उमटलेले मातीचे गोळे मिळाले. मालाच्या तोंडाला दोरी बांधायची, गाठीवर ओली माती लिंपायची, वर मोहोर दाबायची. माती फुटल्याशिवाय गाठ सुटत नाही. चोरी थांबत नसे, पण झाली की कळत असे. ही दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायात फार मोलाची मानतात.

त्याही पुढची युक्ती मेसोपोटेमियातली. करार मातीच्या पाटीवर लिहायचा, तिच्यावर मातीचेच पाकीट चढवायचे आणि तोच मजकूर पाकिटावर पुन्हा लिहून मोहोर उमटवायची. तंटा झाला की पाकीट फोडून आतला मजकूर ताडून पाहायचा. तरीही फसवणूक व्हायचीच. उर शहरातला एआ-नासिर नावाचा व्यापारी दिलमुनहून तांबे आणीत असे. त्याने हलके तांबे दिले आणि आपल्या माणसाला उर्मटपणे वागवले, म्हणून नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने इ. स. पूर्व १७५० च्या सुमारास त्याला खरमरीत पत्र लिहिले. ती पाटी आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गिऱ्हाइकाची लेखी तक्रार एवढी जुनी!

आपल्याकडची पद्धत काही कमी नव्हती. शिवकालीन पत्र पाहिले तर वर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब असते. महाराजांच्या मोर्तबाचा अर्थच असा की येथे मर्यादा झाली, याखाली कुणी ओळ वाढवली तर ती खोटी. पाठीमागे दप्तरात नोंद झाल्याचे शेरे असत. म्हणजे पत्र खरे की बनावट, हे कागद आणि दप्तर दोन्हीकडून तपासता येई. आजच्या भाषेत सही आणि लॉग.

हुंडीची गोष्ट तर मला वर्गात शिकवावीशी वाटते. रक्कम नुसती आकड्यात लिहीत नसत. शंभर रुपये असतील तर निमे पन्नास, त्याची दुप्पट पुरे शंभर, असे लिहीत. कुणी एखादे शून्य वाढवले तर निम्म्याचा हिशेब जुळेना! संगणकशास्त्रात याला चेकसम म्हणतात. परदेशात एम.एस. करताना मी तो नवा शोध म्हणून शिकलो, आणि गावी आजोबांच्या पेटीतल्या जुन्या कागदांत तो आधीच होता. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत आहे अशा शाहालाच मिळत. हुंडी हरवली तर पेठ, पेठही हरवली तर परपेठ, म्हणजे बॅकअपचाही बॅकअप. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात जात आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत इथे रुपयाच चालत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दुनिया झल्लाकपासून फार लांबची वाटत नाही.

आता अलीकडे येऊ. ११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत नेटमार्केट नावाच्या दुकानातून एकाने स्टिंग या गायकाची सीडी १२ डॉलर ४८ सेंटला घेतली आणि कार्डाचा नंबर सांकेतिक करून पाठवला. सुरक्षित ऑनलाइन खरेदीचा आरंभ बरेच जण तिथून धरतात. लवकरच ब्राउझरमध्ये कुलपाचे चित्र आले आणि लोकांना वाटले, काम झाले. पण ते कुलूप रस्त्याचे आहे, दुकानाचे नव्हे. वाटेत कुणी नंबर वाचू शकत नाही एवढेच ते सांगते. २००० च्या जानेवारीत सीडी युनिव्हर्स या दुकानाकडे एका चोराने एक लाख डॉलर मागितले. ते मिळाले नाहीत तेव्हा त्याने तिथले हजारो कार्डनंबर इंटरनेटवर मांडले. नंबर वाटेत नव्हे, कोठारात चोरले होते.

बरोबर २४ वर्षांनी, ११ ऑगस्ट २०१८ रोजी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. १९०६ साली स्थापन झालेली ही सहकारी बँक. हल्लेखोरांनी एटीएमच्या मागण्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचूच दिल्या नाहीत. मध्येच आपला तोतया बसवला, आणि तो प्रत्येक मागणीला "द्या" म्हणत गेला. २८ देशांतून पैसे काढले गेले. दोन दिवसांनी आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला वळवले. एकूण ९४ कोटींवर. हुंडी वटवताना शाहाची चौकशी केली, पण उत्तर देणाराच तोतया निघाला, तसे हे!

त्याच महिन्यात ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर घडले ते मात्र थेट वहिनींच्या दुकानासारखे होते. पैसे भरायच्या पानावरील प्रोग्रॅममध्ये चोरांनी जेमतेम २२ ओळी घुसडल्या होत्या. प्रवासी नंबर टाइप करी, तिकीट मिळे, आणि नंबराची एक प्रत गुपचूप चोरांकडे जाई. कुलपाचे चित्र जागच्या जागी. सुमारे दोन आठवडे कुणाला पत्ता नाही. पुढे २०२० मध्ये कंपनीला दोन कोटी पौंड दंड झाला.

झल्लाकला चहा होईपर्यंत मला तशीच एक ओळ सापडली. आत शिरायची वाट सोपी होती. सवलतीचे कूपन दाखवणारे एक प्लगइन दोन वर्षे अद्ययावत केलेले नव्हते. पासवर्ड तिघांत एकच, आणि दुकान बनवून देणारा केव्हाच काम सोडून गेलेला असूनही त्याचे खाते चालू! बॅकअप होता, तोही त्याच सर्व्हरवर. म्हणजे परपेठ त्याच पेटीत.

खरा प्रश्न तांत्रिक नव्हताच. त्यांचे यजमान म्हणाले, "ती ओळ काढून टाक. दिवाळीनंतर बघू. सगळ्यांना सांगितलं तर वर्षाचा धंदा बुडेल, आणि मंडळात तोंड दाखवायला नको." त्यांचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. मागच्या खोलीत छतापर्यंत खोकी होती आणि माल उधारीवर आणलेला. मी बहरीनच्या २०१८ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विषय काढला. वहिनी मात्र कायद्याचे ऐकत नव्हत्या. त्या ऑर्डरींची यादी वाचत होत्या. बरीचशी नावे त्यांच्या हळदीकुंकवातली होती.

संध्याकाळी दुकान बंद केले. वहिनींनी स्वतः मराठीत आणि इंग्रजीत पत्र लिहिले: काय झाले, कोणत्या तारखांपासून, कार्ड लगेच बंद करून नवे घ्या. कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या कंपनीलाही कळवले. मग मी सारे नव्याने उभारले. पैसे भरायचे पान कंपनीच्याच ताब्यात दिले, म्हणजे नंबर दुकानात येतच नाही. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड आणि वर फोनवरचा कोड. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला हॅश लावला. त्यात एक अक्षर बदलले तरी ब्राउझर तो चालवत नाही. मातीचे पाकीट, दुसरे काय! बॅकअप दुसऱ्या ठिकाणी.

दिवाळी हुकलीच. निम्मे कंदील त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमात टेबल मांडून रोखीने विकले, उरलेले पुढल्या वर्षासाठी ठेवले. दोन कुटुंबे अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. दुकान संक्रांतीला उघडले, तेव्हा तिळगुळाच्या डब्यांची पहिली ऑर्डर तक्रार करणाऱ्या त्या बाईंची होती. पैसे मात्र त्यांनी घरी येऊन रोख दिले.