रात्री दीडला फोन करणारा कुत्रा

आजच्या भागाची सुरुवात माफीनाम्याने. माफी माझ्या आजीची.

गेल्या महिन्यात रात्री दीड वाजता आजीच्या खोलीतला इंटरकॉम वाजला. तिने उचलला, "हॅलो" म्हणाली. पलीकडे चिडीचूप. "कोण बोलतंय?" काही नाही. तिने ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा. असं सहा वेळा झालं. शेवटी ती काठी टेकत माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "अरे, कोणीतरी फोन करतंय आणि नुसतं ऐकत बसतंय रे."

फोन करणारा मीच होतो. म्हणजे मी गाढ झोपलो होतो. फोन माझा संगणक करत होता.

झालं असं, की घराघरांत इंटरनेट यायच्या आधी साध्या पीसीवरून पत्रं कशी जायची, हे मला स्वतः करून बघायचं होतं. वाचून कळतं, पण पटत नाही. म्हणून जुन्या बाजारातून एक ४८६ संगणक आणला, दुसरा एका मित्राच्या माळ्यावर मिळाला. दोन मॉडेम भंगारातून. आणि दादाच्या ऑफिसने काढून टाकलेली इंटरकॉमची छोटी पेटी, म्हणजे घरातल्या घरात टेलिफोन एक्स्चेंज. एक संगणक माझ्या खोलीत, दुसरा वरच्या मजल्यावर. त्याच पेटीवर तिसरी लाइन आजीच्या खोलीत, तिला हाक मारायला बरी म्हणून. वरच्या मॉडेमचा नंबर होता १२, आजीचा १३. मी यादीत टाइप केलं १३.

हसू नका. हीच चूक चाळीस वर्षांपूर्वी अमेरिकेत झाली होती. तिथे फोन एकाच घरातले नव्हते, आणि त्या चुकीतून एक नियम तयार झाला. आजची गोष्ट त्याचीच.

१९८३ च्या अखेरीस टॉम जेनिंग्ज नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने एक बुलेटिन बोर्ड लिहायला घेतला. बुलेटिन बोर्ड म्हणजे काय? एक पीसी, एक मॉडेम, एक फोन लाइन. तुम्ही आपल्या घरून त्या नंबरवर फोन लावायचा, निरोप वाचायचे, लिहायचे, फोन ठेवायचा. मग दुसऱ्याचा नंबर. एका वेळी एकच माणूस! आपल्या सोसायटीच्या फळ्यासमोर एकेकाने उभं राहावं तसं. जेनिंग्जने याला नाव दिलं फिडो. तिकडे कुत्र्याचं ठरलेलं नाव, आपल्याकडच्या मोत्यासारखं. आधीच्या नोकरीत त्याने इकडचे तिकडचे भाग जोडून एक मशीन उभं केलं होतं, अगदी गावठी संकर, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. तेच इथे आलं.

१९८४ च्या मे-जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा जेनिंग्ज आणि बाल्टिमोरचा जॉन मॅडिल यांनी ठरवलं, की आपल्या दोन फळ्यांनी एकमेकांना स्वतःच फोन करावा. फिडो नंबर एक आणि फिडो नंबर दोन. एक देशाच्या पश्चिम टोकाला, दुसरा पूर्वेला. ट्रंक कॉल महाग, आणि रात्री उशिरा सगळ्यात स्वस्त. म्हणून वेळ ठरली रात्रीची. ठरलेल्या वेळी बोर्ड बंद व्हायचा, पत्रं पाठवणारा वेगळा प्रोग्रॅम सुरू व्हायचा, साठलेल्या पत्रांचं गाठोडं करून समोरच्याला फोन लावायचा, आणि काम झालं की बोर्ड पुन्हा चालू. मालक झोपलेला. या जाळ्याला नाव पडलं फिडोनेट.

ऐकायला किती सोपं आहे! मला दोन संगणक एकाच छताखाली बोलते करायला अकरा दिवस लागले.

आधी सिरीयल पोर्ट. आयबीएम पीसीत मॉडेमची तार जिथे लागते तिथे ८२५० नावाची चिप असायची. आलेलं एक अक्षर ती धरून ठेवते. एकच. प्रोग्रॅमने ते उचललं नाही आणि पुढचं आलं, तर पहिलं गेलं. १२०० च्या वेगाने सेकंदाला साधारण १२० अक्षरं येतात, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी आठेक मिलिसेकंद. तेवढ्यात प्रोग्रॅम फ्लॉपीवर लिहीत बसला असेल तर? म्हणून पत्र अखंड पाठवायचं नाही. १२८ अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यामागे हिशोबाचा आकडा जोडायचा. आकडा जुळला तर समोरचा "मिळालं" म्हणतो, नाही जुळला तर "पुन्हा पाठव". ही पद्धत वॉर्ड ख्रिस्टेन्सनने १९७७ मध्ये लिहिली होती, नाव एक्समोडेम. फिडोने तीच थोडी बदलून घेतली. तुमच्या व्हॉट्सॲपच्या दोन टिकांची पणजी समजा. फक्त इथे टीक दर १२८ अक्षरांना.

बरं, सगळे पीसी सारखे तरी होते का? नव्हते. सेंट लुईसच्या बेन बेकरला आपल्या क्लबसाठी डेक कंपनीच्या रेनबो संगणकावर फिडो हवा होता. रेनबोवर डॉस चालायचं, पण सिरीयल पोर्टची चिपच वेगळी. जेनिंग्जकडे रेनबो नव्हता. मग एकाने इकडे लिहायचं, दुसऱ्याने तिकडे चालवून बघायचं, आणि काय बिघडलं ते ट्रंक कॉलवर सांगायचं. डोळ्यांनी न पाहिलेल्या मशीनसाठी ड्रायव्हर लिहिणं हे मला आजही अचाट वाटतं. या कटकटीतूनच पुढे फॉसिल नावाची व्यवस्था आली: प्रत्येक संगणकासाठी एक छोटा ड्रायव्हर, आणि पत्रांच्या प्रोग्रॅमने फक्त त्याच्याशी बोलायचं. मी वापरला तो एक्स-डबल-झीरो नावाचा फॉसिल ड्रायव्हर.

पण माझे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते एका क्षुल्लक गोष्टीने. फोन ठेवण्याने.

म्हणजे बघा, फोन लागला, पत्र गेलं, दोन्हीकडे "झालं" असं आलं. आणि लाइन तशीच जोडलेली. सकाळी उठून पाहतो तर मॉडेमचा दिवा लुकलुकतोय. रात्रभर दोन संगणक फोन धरून गप्प बसलेले. माझं बिल शून्य, कारण पेटी घरचीच. पण सॅन फ्रान्सिस्को ते बाल्टिमोर असं झालं असतं, तर तो आख्ख्या रात्रीचा ट्रंक कॉल झाला असता.

कारण सापडलं ते असं. मॉडेम आणि संगणक यांच्यात दोन तारा फार महत्त्वाच्या. एक तार मॉडेमकडून येते आणि सांगते, "समोरच्याचा सूर ऐकू येतोय." या सुराला कॅरियर म्हणतात. दुसरी संगणकाकडून जाते आणि सांगते, "मी इथे आहे." संगणकाने ही दुसरी तार सोडली, की मॉडेमने फोन ठेवायचा. पण बऱ्याच मॉडेमवर कारखान्यातूनच अशी सोय यायची, की पहिली तार कायम "सूर आहे" म्हणणार आणि दुसरीकडे मॉडेम लक्षच देणार नाही. समोर बसून हाताने सगळं करणाऱ्याला ते सोयीचं पडायचं. पण मालक झोपलेला असेल तर? सुरुवातीच्या मॉडेमवर नखाने सरकवायचे बारीक खटके असायचे, ते बरोबर लावावे लागत. माझ्या मॉडेमला दोन आज्ञा द्याव्या लागल्या, अँड-सी-वन आणि अँड-डी-टू. सहा अक्षरं, चार दिवस.

त्याआधीचा दिवस गेला होता डायल टोनमध्ये. माझ्या इंटरकॉमच्या पेटीचा टोन मॉडेमला ओळखूच येईना. "टोन नाही" म्हणून रुसून बसायचा. त्याला एक्स-थ्री ही आज्ञा देऊन सांगावं लागलं, की बाबा, टोनची वाट बघू नकोस, नंबर फिरव.

आता पुन्हा आजीकडे.

फोन करणारा मॉडेम स्वतः आधी बोलत नाही. समोरचा मॉडेम किंचाळेपर्यंत तो शांत थांबतो, साधारण तीस सेकंद. समोर माणूस "हॅलो हॅलो" करत असेल तर त्याला ते कळत नाही. त्याला हवा असलेला सूर आला नाही, एवढंच कळतं. मग तो फोन ठेवतो, "नो कॅरियर" असं लिहितो, आणि थोड्या वेळाने पुन्हा लावतो. माझ्या लॉगमध्ये सहा ओळी आहेत, सहाही सारख्याच. नो कॅरियर. फोन कोणी उचललाच नाही की अंधारात दिवा लावून घाबरून बसलेल्या आजीने उचलला, लॉग वाचून सांगता येत नाही.

फिडोनेटच्या सुरुवातीच्या महिन्यांत नेमकं हेच झालं. सगळ्या फळ्यांची एक यादी असायची, नोडलिस्ट: कोणाचा क्रमांक काय, फोन नंबर काय. यादीत एक आकडा चुकला की तो नंबर कोणाच्या तरी घरचा निघायचा. आणि एकच नाही, त्या फळ्यासाठी ज्यांच्याकडे पत्र असेल ते सगळे संगणक मध्यरात्री त्याच घरी फोन लावणार. उचलणाऱ्याला वाटणार कोणीतरी छळतंय. तक्रार कोणाकडे करायची? पलीकडे माणूसच नाही.

यावर काढलेला उपाय मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात हुशार भाग वाटतो. नियम असा, की यादीत नाव हवं असेल तर अर्ज कागदावर करायचा नाही, तोंडी करायचा नाही. ज्या संगणकासाठी क्रमांक हवा, त्याच संगणकावरून, त्याच सॉफ्टवेअरने, फिडोनेटचं पत्र म्हणून अर्ज पाठवायचा. अर्ज पोचला म्हणजे सेटअप चालतोय. नाही पोचला तर यादीत जागा नाही. तुमचा क्रमांक घेऊन जे उत्तर परत यायचं तेही पत्रानेच, म्हणजे तुमचा नंबरही तपासून झाला. अर्जाचा नमुना, शिक्का, शिफारस काही नाही. मी कॉलेजच्या एका दाखल्यासाठी तीन खिडक्या फिरलोय, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक.

प्रोग्रॅमही हळूहळू शहाणे झाले. मी वापरला तो बिंकलीटर्म नावाचा. त्यात दोन वेगळ्या मर्यादा घालता येतात: सूर मिळूनही पत्र फसलं तर किती वेळा प्रयत्न, आणि सूरच मिळाला नाही तर किती वेळा. मी दुसरा आकडा वीस ठेवला होता. आजी उठून आली नसती तर अजून चौदा वेळा वाजला असता. उलट बाजूचीही सोय होती. बोर्डाला कोणी फोन केला की आधी ओळ यायची: माणूस असाल तर एस्केप दोनदा दाबा. संगणक असेल तर तो एस्केप दाबणार नाही, आपली खूण पाठवणार. आज वेबसाइट तुम्हाला "मी रोबोट नाही" वर टिचकी मारायला लावते ना? तेच, पण कुठलाही संशय न घेता.

यादी वाढत गेली. जेनिंग्जला एकट्याला आवरेना, तेव्हा ती सेंट लुईसच्या मंडळींनी सांभाळायला घेतली. १९८५ मध्ये फळे अडीचशेच्या आसपास गेले आणि सरळ क्रमांक पुरेनात. मग जूनमध्ये पत्ता दोन भागांचा झाला, आधी गावाचं जाळं, मग फळा. एका गावची सगळी पत्रं एकाच ट्रंक कॉलने तिथल्या एका फळ्याकडे, पुढे तो गावातल्या गावात वाटणार. आपल्या पोस्टाच्या थैलीसारखंच. नव्वदच्या दशकाच्या मध्यात फळे तीस हजारांच्या वर होते.

आपल्याकडचं सांगायचं तर, १९८६-८७ मध्ये जुहूच्या एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीमध्ये फोन लावून मेल जाऊ लागली. ती युनिक्सवरची यूयूसीपी पद्धत, घरच्या पीसीची नव्हे. पण रीत तीच: साठवा, फोन लावा, द्या, घ्या, ठेवा. आणि फिडोनेटने जगाचे विभाग पाडले तेव्हा आशियाचा क्रमांक सहा आला. प्रत्येक विभागाला रात्रीचा एक तास पत्रांसाठी राखून ठेवावा लागे, त्या वेळात माणसांचे फोन घ्यायचे नाहीत. आशियाची वेळ आपल्या घड्याळात पडायची रात्री दीड ते अडीच. मी दीडची वेळ लावली ती म्हणून. म्हटलं, सगळं नियमाप्रमाणे करू. नंबर सोडून सगळं नियमाप्रमाणे होतं.

दुसऱ्या दिवशी १३ चे १२ केले. आणि मग तो जुना नियम मी स्वतःला लावला: वरच्या संगणकावरून अर्जाचं पत्र खाली आल्याशिवाय त्याला माझ्या यादीत जागा नाही. रात्री जागाच राहिलो. एक वाजून तीस मिनिटांनी खालच्या मॉडेमने खट्ट केलं, वरचा सुरू झाला, दोघे किंचाळले, गप्प झाले. तीन ओळींचं पत्र होतं. चार सेकंद. मग पुन्हा खट्ट. दिवा गेला.

सकाळी चहाच्या वेळी आजीने विचारलं, "काल नाही वाजला तो. कुणाचा होता, कळलं का?" मी सगळं सांगितलं, लॉगही दाखवला. तिने चष्मा लावून त्या सहा ओळी वाचल्या आणि म्हणाली, "मी तर दर वेळी उत्तर देत होते."

तेरा नंबर आता पेटीवरून काढून टाकलाय. आजीला हाक मारायला मी चालत जातो. भेटू पुढच्या भागात.