विमान कशाला म्हणावे?

नियम करणे त्या मानाने सोपे असते. तो नेमका कशाला लागू होतो हे ठरवणे अवघड. विद्यापीठांच्या आवारात ड्रोन उडवण्यासंबंधीच्या नियमांचा इतिहास पाहताना आम्हांला हे विशेष जाणवले.

१७ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकेत शार्लट्सव्हिल येथील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात एक दूरनियंत्रित यान उडाले. ते फोमचे होते, वजन सुमारे २ किलो. उडवणारे राफाएल पिर्कर यांना आवाराच्या आणि तेथील वैद्यकीय केंद्राच्या हवाई चित्रीकरणाचा मोबदला मिळणार होता. यान माणसांच्या, इमारतींच्या आणि हेलिकॉप्टर-तळाच्या फार जवळून बेपर्वाईने उडवले, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १०,००० डॉलरचा दंड सुचवला.

तोपर्यंत अशा यानांसाठी काय होते? १९८१ सालचे एक पत्रक. हौशी मंडळींनी आपली छोटी विमाने ४०० फुटांच्या वर नेऊ नयेत, वस्तीपासून दूर उडवावीत, असे त्यात सुचवले होते. मोठ्या विमानांना मोकळ्या प्रदेशावर साधारणपणे किमान ५०० फुटांचे अंतर राखावे लागते. म्हणजे दोहोंमध्ये १०० फूट मोकळे राहतात. परंतु हे पत्रक पाळणे ऐच्छिक होते. म्हणून प्रशासनाने विमानांसाठीचाच नियम लावला.

मार्च २०१४ मध्ये न्यायाधीशांनी दंड रद्द केला. व्याख्या इतकी ताणली तर मुलांचे कागदी विमानही कायद्याच्या कक्षेत येईल, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर २०१४ मध्ये अपिलात निर्णय फिरला : कायद्याच्या व्याख्येत आकाराची अट नाही, आत माणूस हवा अशीही नाही, म्हणून हे विमानच. जानेवारी २०१५ मध्ये आरोप मान्य न करता १,१०० डॉलरवर तडजोड झाली.

शब्दांचा हा तिढा भौतिकशास्त्राने बराच सुटतो. २ किलोचे यान १२० मीटर उंचीवर असताना त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे २,३५० जूल असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूची गतिज ऊर्जा सुमारे १२० जूल. पडताना हवेच्या रोधामुळे यानाची काही ऊर्जा खर्ची पडते, हे खरे. तरीही खालून जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्याला धोका उरतोच. त्याच उंचीवरील ५ ग्रॅमच्या कागदी विमानाची ऊर्जा जेमतेम ६ जूल, आणि तीही बहुतेक हवेतच विरते.

पुढचे नियम याच दिशेने गेले. अमेरिकेत २०१६ साली ५५ पौंडांखालील यानांसाठी स्वतंत्र नियम लागू झाले. भारतात २०१४ साली नागरी वापरावर बंदी घातली गेली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी मात्र यानांची वजनानुसार वर्गवारी केली : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल.

आकाशाचे नियम शासन करते. आपल्या जमिनीवरून यान कोणी, केव्हा उडवावे हे विद्यापीठ सांगू शकते. शाळेलाही हे लागू आहे. आपल्या मैदानासाठी असा नियम विद्यार्थ्यांनाच लिहायला सांगावा. त्यात कागदी विमान सुटले पाहिजे आणि खाली उभा असलेला माणूस सुरक्षित राहिला पाहिजे. व्याख्या किती जपून करावी लागते, ते त्यांना आपोआप कळेल.