डोंगर बंद, कॉलेज बंद! मग कोरोनाकाळात भूशास्त्राची फील्ड ट्रिप झाली कशी?

भूशास्त्रज्ञांची एक जुनी युक्ती आहे. खडकातले कण बारीक आहेत की अतिबारीक, हे डोळ्यांना कळेना झालं की चिमूटभर चुरा दातांखाली घ्यायचा. कचकच लागली तर कण जरा मोठे, गुळगुळीत लागलं तर चिकणमाती.

आता आठवा २०२० चा मार्च महिना. स्वतःच्या तोंडाला हात लावायचीही भीती होती. अशा वेळी तीस-चाळीस मुलांना एका बसमध्ये बसवून डोंगरात न्यायचं कसं? आणि नेलं नाही, तर त्यांना भूशास्त्राची पदवी द्यायची कशी? जगभरातल्या विद्यापीठांपुढे हा प्रश्न उभा राहिला होता.

फील्ड ट्रिप म्हणजे सहल नव्हे

डॉक्टर व्हायचं तर वॉर्डात जावं लागतं. भूशास्त्रात वॉर्ड म्हणजे डोंगर, नदीचं पात्र, घाटातली कापलेली दरड.

तिथे विद्यार्थी हातोडीने खडकाचा ताजा तुकडा काढतो आणि भिंगातून त्यातली खनिजं बघतो. होकायंत्राने थर कोणत्या दिशेला पसरला आहे आणि किती अंशांनी कलला आहे, हे मोजतो. या कलण्याला ‘नती’ म्हणतात. अशा शेकडो नोंदींवरून तो नकाशा काढतो आणि जमिनीखाली काय असेल याचा अंदाज बांधतो. पुढे धरण, बोगदा, खाण किंवा भूजलाचं काम करताना हाच अंदाज लागतो. तो चुकला तर पैसा जातो, कधी जीवही जातो.

अमेरिकेत पदवीच्या शेवटी उन्हाळ्यात साधारण चार ते सहा आठवड्यांचा ‘फील्ड कॅम्प’ असतो. अनेक विभागांत तो केल्याशिवाय पदवीच मिळत नाही.

नेमकं अडलं कुठे?

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाला महामारी म्हटलं. २३ मार्चला ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. २५ मार्चपासून भारत बंद झाला, त्याआधीच प्रवासी रेल्वे थांबल्या होत्या. ब्रिटनमध्ये ईस्टरच्या सुट्टीतल्या फील्ड ट्रिप तोंडावर होत्या, अमेरिकेतले कॅम्प दोन-तीन महिन्यांवर. बहुतेक सगळं रद्द झालं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना तर पुढच्या वर्षी जाऊ, असंही म्हणता येत नव्हतं. त्यांच्यासाठी पुढचं वर्ष नव्हतंच.

डोंगर पडद्यावर कसा आला?

यासाठी लागणारं तंत्र आधीपासून होतं. एखाद्या कड्याचे ड्रोनने किंवा साध्या कॅमेऱ्याने वेगवेगळ्या कोनांतून शेकडो फोटो काढायचे. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा काही भाग आलेला हवा. मग संगणक सारखे बिंदू जुळवून त्या कड्याचं त्रिमितीय मॉडेल तयार करतो. ते फिरवता येतं, जवळ आणता येतं आणि त्यावर थराची नतीही मोजता येते.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा सिकार पॉइंट हे याचं प्रसिद्ध उदाहरण. १७८८ मध्ये जेम्स हटन होडीने तिथे गेले. जवळजवळ उभे झालेले जुने थर आणि त्यांच्यावर टेकलेले नंतरचे लाल वालुकाश्म त्यांनी पाहिले. आधी थर साचले, मग वर उचलले गेले, झिजले आणि पुन्हा त्यांच्यावर नवे थर साचले. पृथ्वीचं वय अफाट असल्याचा हा ठळक पुरावा ठरला. आज या जागेची मॉडेल्स मोबाइलवरही बघता येतात.

इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठाने तर कोरोनाच्या काही वर्षं आधीच व्हिडिओ गेमच्या तंत्रावर काल्पनिक डोंगरदऱ्या बनवल्या होत्या. विद्यार्थी त्यात ‘चालतो’, खडक दिसला की नोंद करतो आणि नकाशा काढतो. तेव्हा ही प्रत्यक्ष ट्रिपची पूर्वतयारी होती. २०२० मध्ये अशा साधनांवरच अभ्यासक्रम उभे राहिले.

नुसतं मॉडेल दाखवून शिक्षण होतं का?

नाही. म्हणून अमेरिकेतल्या भूविज्ञान शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने वेगळ्या टोकापासून सुरुवात केली. कॅम्पमधून विद्यार्थी शेवटी काय शिकून बाहेर पडला पाहिजे, हे आधी ठरवलं. अशी नऊ उद्दिष्टं निघाली. कामाचं नियोजन करणं, अचूक नोंदी घेणं, पुराव्यावरून निष्कर्ष मांडणं, गटात काम करणं, निष्कर्ष दुसऱ्याला समजावून सांगणं वगैरे.

यादी बघितल्यावर लक्षात आलं, की यातलं बरंचसं घरी बसूनही शिकवता येतं. फक्त मुलांना आयती उत्तरं न देता निर्णय घ्यायला लावलं पाहिजे. मोजक्याच जागा बघता येणार असतील तर कुठल्या बघायच्या आणि का, हे विद्यार्थ्यानेच ठरवायचं.

मंगळावरचं फील्डवर्क

घरून भूशास्त्र होतं का, अशी शंका असेल तर नासाचं उदाहरण बघा. २० मार्च २०२० रोजी क्युरिऑसिटी रोव्हरच्या टीमने पहिल्यांदाच पूर्णपणे घरून काम केलं. दोन दिवसांनी रोव्हरने ‘एडिनबरा’ असं नाव दिलेल्या जागी खडकात छिद्र पाडलं. घरच्या लॅपटॉपवर भारी ग्राफिक्स चालेनात, म्हणून शास्त्रज्ञांनी साधे लाल-निळे थ्रीडी चष्मे लावून मंगळाची जमीन पाहिली.

पण यात एक मेख आहे. त्या शास्त्रज्ञांनी आयुष्यभर खरे खडक हाताळले होते. विद्यार्थ्यांकडे ती शिदोरी नव्हती.

परत डोंगरात जाताना

वर्गापेक्षा मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका कमी असतो, हे हळूहळू स्पष्ट झालं. म्हणजे खरा धोका खडकाजवळ नव्हताच. तो होता बसमध्ये, मुक्कामाच्या खोलीत आणि जेवणाच्या टेबलावर.

त्यामुळे मुक्कामाऐवजी सकाळी जाऊन संध्याकाळी परत, लहान आणि न बदलणारे गट, बसच्या उघड्या खिडक्या आणि प्रत्येकाचं स्वतःचं साहित्य, असे मार्ग निघाले. भिंग डोळ्याला लावावं लागतं, त्यामुळे एकच भिंग सगळ्यांत फिरवणं बंद झालं. दूरच्या पर्वतांऐवजी शहराजवळची खाण आणि इमारतींचे दगडही अभ्यासाला आले.

काय हरवलं, काय सापडलं?

पडद्यावर खडकाचं वजन कळत नाही, हातोडी मारल्यावरचा आवाज कळत नाही. कडा दहा मीटरचा आहे की शंभर, याचा अंदाज चुकतो. वाट चुकणं, पावसात वही सांभाळणं आणि रात्री जेवताना सरांशी होणाऱ्या गप्पाही गेल्या. ज्यांच्याकडे धड लॅपटॉप किंवा नेटवर्क नव्हतं, त्यांची ट्रिप तर दुसऱ्यांदा हुकली.

पण जमेची बाजूही मोठी आहे. व्हीलचेअर वापरणारे, आजारी आई-वडिलांना सोडून जाऊ न शकणारे, ट्रिपचा खर्च न झेपणारे विद्यार्थी कोरोनाच्या आधीही मागेच राहत होते. ‘सगळ्यांना जाता येत नाही’ हा प्रश्न सगळेच अडकल्यावर पहिल्यांदा नीट दिसला. म्हणून आभासी ट्रिप आता पूर्वतयारीसाठी, उजळणीसाठी आणि जाऊ न शकणाऱ्यांसाठी उपयोगी पडते. खऱ्या ट्रिपची जागा मात्र ती घेत नाही.

महाराष्ट्राचा संबंध काय?

आपल्या राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे. घड्या पडलेले खडक बघायला राजस्थान, जीवाश्म बघायला कच्छ किंवा तमिळनाडूतलं अरियलूर गाठावं लागतं. रेल्वे बंद म्हणजे अभ्यासच बंद.

तरीही घराजवळ बघण्यासारखं बरंच आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे उभे खांब आहेत, गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर बेसॉल्ट आहे. आणि बाहेर पडताच येत नसेल, तर स्वयंपाकघरातला ओटा बघा. कडप्पा हा आंध्रातून येणारा चुनखडक. लिंबाचा रस सांडला की त्यावर डाग पडतो, कारण आम्लामुळे चुनखडक विरघळतो. शहाबादी फरशीही चुनखडकच, कर्नाटकातली.

म्हणजे टाळेबंदीतही एक फील्ड ट्रिप घरातच होती. प्रश्न फक्त ओट्याकडे खडक म्हणून बघण्याचा होता.