पेलेलिऊची लढाई : एका शिपायाच्या नजरेतून

शाळेत आपण दुसरे महायुद्ध सनावळीतून शिकलो. १९३९ला सुरुवात, १९४५ला शेवट. पॅसिफिकमधल्या बेटांच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य. पुढे युजीन स्लेज या अमेरिकन सैनिकाच्या आठवणी वाचनात आल्या आणि त्या वाक्यात काय काय दडले होते ते उमगले. स्मरणिकेसाठी त्याविषयीच लिहितो.

पेलेलिऊ हे पलाऊ द्वीपसमूहातले जेमतेम १३ चौरस किलोमीटरचे बेट. तिथे जपान्यांचा विमानतळ होता. फिलिपीन्सवर चाल करताना तो बगलेला राहू नये म्हणून १५ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकेची पहिली मरीन डिव्हिजन तिथे उतरली. तीन-चार दिवसांत काम उरकेल, असा सेनापती रूपर्टस यांचा अंदाज होता. लढाई दोन महिन्यांहून अधिक चालली.

जपानी कर्नल नाकागावा यांनी किनाऱ्यावर माणसे खर्ची घालण्याऐवजी चुनखडीच्या डोंगरांतल्या शेकडो गुहांतून लढण्याचे ठरवले होते. वीस वर्षांचा स्लेज उखळी तोफेच्या तुकडीत होता. जमीन प्रवाळाची, त्यामुळे आडोशाला खड्डाही खणता येईना. ऊन ४५ अंशांच्या घरात. पिण्याचे पाणी आले ते तेलाच्या पिंपांतून; पिंपे नीट धुतलेली नव्हती, त्यामुळे तहानेने ते प्यायलेले जवान आजारी पडले. प्रेते पुरता येत नव्हती. दुर्गंधी आणि माश्या यांच्यातच जेवायचे, तिथेच झोपायचे.

मला सगळ्यांत हलवून गेला तो वेगळाच प्रसंग. मेलेल्या जपान्यांचे सोन्याचे दात काही सैनिक काढून घेत. एकदा स्लेजही सुरी घेऊन वाकला. सोबतच्या वैद्यकीय सेवकाने त्याला अडवले, कारण सांगितले जंतूंचे. त्याला जपायचे होते ते आपल्यातले माणूसपण, हे स्लेजला नंतर कळले.

त्याच्या कंपनीतले सुमारे २३५ जण बेटावर उतरले होते. धडधाकट परतले ८५. कंपनीचे कॅप्टन हाल्डेन तिथेच पडले. जपानी बाजूचे दहा हजारांहून अधिक मारले गेले. अ‍ॅडमिरल हॉल्सी यांनी ही मोहीम रद्द करावी असे आधीच सुचवले होते. ती खरोखर गरजेची होती का, हा वाद अजून मिटलेला नाही.

खिशातल्या बायबलमध्ये चोरून केलेल्या टिपणांवरून स्लेजने लिहिलेले पुस्तक १९८१मध्ये आले. तोवर तो जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला होता. त्यात बढाई नाही, भीतीही लपवलेली नाही.

मित्रांनो, भेटल्यावर आपण युद्धाच्या गप्पा हिरिरीने मारतो. कोणत्या देशाने काय करायला हवे होते, हे चहाच्या कपावर ठरवून टाकतो. अशा वेळी मला ती तेलकट पाण्याची पिंपे आठवतात. ती रांगेत उभे राहून पिणारी पोरे आपल्या अकरावी-बारावीच्या पोरांहून फार मोठी नव्हती.