केळीचं पील कुणाचं?

इंदूरचा महामार्ग इच्छापूरला येतो आणि पुढे महाराष्ट्र लागतो. केळीचा पट्टा मात्र हद्द न जुमानता बऱ्हाणपुराकडून सरळ रावेर-मुक्ताईनगरात उतरतो. या पट्ट्यात नक्कल करण्याचा हक्क कुणी कुणाकडे मागितल्याचं ऐकिवात नाही, कारण नकलेवाचून केळी लावताच येत नाही.

खाण्याच्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ती बी धरत नाही. म्हणून बुंध्याशी फुटणारं पील हेच तिचं बेणं. तेही कुठलंही चालत नाही. रुंद पानांचं पाणमुनवं टाकून द्यायचं आणि तलवारीसारख्या अरुंद पानांचं घ्यायचं. कंद उभट, नारळाएवढा, साधारण अर्धा-पाऊण किलोचा हवा. मुळ्या छाटायच्या, सडका भाग तासायचा, की झालं बेणं तयार. आईची हुबेहूब प्रत!

क्वचित एखादं पील आपणहून वेगळं निघतं. बुटकं किंवा भरदार दिसलं की कुणीतरी ते राखतो आणि त्याची नवी जात होते. बसराई ही जात ज्या बुटक्या कॅव्हेंडिशची, ती मॉरिशसहून इंग्लंडात गेली. 1830च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने ती काचघरात वाढवली आणि नाव मात्र मालकाचं, कॅव्हेंडिश घराण्यातल्या ड्यूकचं, लागलं. (माळ्यांच्या नशिबी हेच.) ग्रँड नैनही याच कुळातली.

1990च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैनची टिश्यूकल्चर रोपं खानदेशात रुजवली. पिलाचा कोंब सोलत सोलत आतला इवलासा वाढबिंदू काढायचा आणि साखर, क्षार, संप्रेरकं घातलेल्या बाटलीत ठेवायचा. तिथे एकाचे अनेक कोंब होतात. ते पुनःपुन्हा वाटायचे, पण सात-आठ फेऱ्यांपर्यंतच, कारण पुढे भलतीच रोपं निघू लागतात. मग मुळं फुटवून हरितगृहात कणखर करायची. एवढा खटाटोप करून कंपनीने विकलेलं रोप शेतात पडलं, की काही महिन्यांत तेही बुंध्याशी पिलं काढतं. त्याला कुलूप कुठे लावणार?

2001च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर ते लावूच दिलं नाही. कलम 39 म्हणतं की संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकऱ्याने राखावं, पेरावं, वाटावं, विकावं. फक्त ब्रँडच्या नावाने विकू नये. बियाण्याच्या व्याख्येत रोप देणारा कुठलाही जिवंत भाग येतो, म्हणजे कंदही आला. तरी 2019 मध्ये पेप्सिकोने चिप्सच्या बटाट्यावरून गुजरातेतल्या चौघा शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून अधिकचे दावे लावले. ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने ते मागे घेतले.

त्याच शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनचं काय? कॉपीराइट कायद्याचं कलम 52 रीतसर घेतलेल्या संगणक प्रणालीची स्वतःपुरती, बिनधंद्याची नक्कल करायला आणि तीत फेरफार करायलाही मुभा देतं. पण कंपनी आतूनच कुलूप घालते, तेव्हा ही मुभा कागदावरच राहते. बियाण्याच्या कायद्यापुढे असं कुलूप नव्हतं, हे शेतकऱ्याचं भाग्य.

तरीही पिलाला एक खोट आहेच. ते आईच्याच अंगाचा तुकडा असतं, म्हणून तिचा रोगही सोबत येतो. पर्णगुच्छ किंवा सीएमव्ही हे विषाणूरोग झालेल्या झाडाचं पील लावलं, तर बाग गेली समजा. म्हणून पहिली लागवड पुष्कळ जण तपासलेल्या टिश्यूकल्चर रोपांची करतात. घड निसवेपर्यंत येतील ती पिलं विळ्याने कापत राहतात आणि मग बुंध्याजवळचं एक जोमदार राखतात. त्याच्यावर उभ्या राहणाऱ्या पिलबागेला रोपाचा पैसा लागत नाही, आणि ती पहिल्या बागेपेक्षा लवकर हाती येते.